वाफ्याची कवेलू छपरावर

ओल्या कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या कौलांचा, वास आला की मला सौंसरचं आमचं जुनं घर आठवतं, आणि समोरच्या शेजारणीचं अंगण. ऐंशीच्या दशकात तिनं घरावर स्लॅब टाकला आणि उतरवलेली कवेलू गेरू लावून शेवंतीच्या वाफ्याभोवती उभी रोवली. आमच्या डोक्यावर जे होतं, ते तिच्या पायाशी शोभेला! माझा नुसता जळफळाट झाला. मला वाफ्याला तिरप्या विटा लावायच्या होत्या, पण नवऱ्याच्या पगारात त्या बसेनात. तीच म्हणाली, "उरलेली कवेलू ने ना वं, पडूनच आहेत." राग गिळून मी ती आणली, गेरू लावून रोवली. पावसाळ्यात उघडीप पडली की वानरं तिच्या स्लॅबवर ऊन खात बसायची आणि उड्या मारायची आमच्या छपरावर. कवेलू फुटलं की नवरा वाफ्यातलं उपटून वर चढवायचा. मी भांडले, तर म्हणाला, "शेवंती भिजली तं चालते, पोरगी भिजली तं नाही चालत." पोळ्यापर्यंत माझा वाफा उघडा पडला आणि छपरावर गेरूची लाल ठिगळं दिसू लागली. स्लॅबवर गहू वाळवता वाळवता ती ओरडली, "आमची कवेलू शोभून राहिली वं तुमच्या घरावर!" आज त्याच जागी माझ्याही घरावर स्लॅब आहे. पण वर जाऊन पाहावं, तर समोर तिचा दुसरा मजला आडवा येतो.