फाशावर पडलेला एक

नागोरावदादा रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून होते. वडील नायगावकडून मजुरीला हैदराबादेत आले, दादांनी शिकून नोकरी धरली आणि तारनाक्याला दोन खोल्यांत संसार थाटला. ऑफिसात ते फारसे बोलत नसत. नाटकाचा विषय निघाला, की मात्र थांबत नसत.

शहाण्णव साली आमच्या गल्लीतल्या हेमंतने एक खेळ आणला. अमेरिकेत गेलेल्या मित्राने त्याला तो पाठवला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातला योद्धा, चेटकीण व्हायचं, आणि संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा सांगेल ते खरं. मी नारायणगुड्याच्या शाळेत शिकवायचे, मला आणि दादांनाही त्याने बोलावलं. चार रविवार खेळल्यावर दादा म्हणाले, "सुमेधा, हे नाटकच आहे. फक्त शेवट कुणी लिहून ठेवलेला नाही."

मग ते लिहायलाच बसले. तीन पात्रं, काळा डोंगर, वाटेत सात संकटं. प्रत्येक संकटापाशी प्रेक्षकांतल्या कुणीतरी फासा टाकायचा आणि पुढचा प्रवेश त्यावर ठरायचा. दादा, हेमंत आणि मी अशा आम्ही तिघांनी सत्तावीस प्रवेश पाठ केले. हेमंत इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचे संवाद मी इंग्रजी अक्षरांत उतरवून दिले. सुलतान बाजारातून जाड पुठ्ठा आणून दादांनी कलिंगडाएवढा फासा बनवला.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दुपारची वेळ मिळाली. हेमंतला अमेरिकेत नोकरी लागली होती आणि चार दिवसांनी त्याचं विमान होतं. त्याची आई सरुबाई मुलाचं काम बघायला गावाहून, उमरीहून, आली होती. नवी साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली. हेमंतचा मोठा प्रवेश चौथ्या संकटानंतर होता.

पहिलं संकट दोरीच्या पुलाचं. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांनी हसत फासा फेकला. तो घरंगळत विंगेत गेला. तिथे आम्ही तिघंच.

वर एक होता. एक म्हणजे पूल तुटतो, तिघंही दरीत. नाटक संपलं. तालमीत इतक्या लवकर तो कधीच पडला नव्हता.

"दादा, चौदा बोला," हेमंत कुजबुजला. "कुणी बघितलं नाही. माझी माँ बसलीय."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते पुढे गेले आणि म्हणाले, "एक."

ठरल्याप्रमाणे दिवे मालवले. नाटक अकरा मिनिटांत संपलं होतं. लोकांना आधी ती गंमत वाटली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. आबासाहेब विंगेत येऊन ओरडले, "कायकू ही थट्टा, नागोराव? दोन तासांची वेळ दिली होती तुम्हाला!" सरुबाई खुर्चीतून उठेचना. पुढचा भाग कधी, असं ती शेजारच्या बाईला विचारत होती.

हेमंत तोंडाचा रंग न धुताच आईला घेऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तुमचा फासा मोठा की माणूस, दादा?" तो अमेरिकेला गेला. दोन वर्षांनी सरुबाई वारली, तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. दादा एकटेच उमरीला गेले. भावकीने त्यांना ओळखलं नाही आणि त्यांनीही ओळख सांगितली नाही.

मंडळाने पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा ठेवला. आम्ही तालमी करायचो ती खोली कॉम्प्युटर क्लासला भाड्याने गेली. दादांनी पुन्हा एक ओळही लिहिली नाही. सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर बसत. टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर सांगता येत नसे.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "चौदा म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं गं?"

"आपलं नाटक खोटं झालं असतं," मी म्हणाले.

"आणि आता?"

त्यांनी मान वळवून टीव्हीचा आवाज वाढवला.