अक्काची रिव्हर्स ट्रॉली

उसाच्या ट्रॉलीत कितीबी झाडू मारा, बुडाला पाचट राहतंच. आमच्या घरचे किस्से तसेच हायेत. एक सांगून मोकळं व्हावं तर खालून दुसरा निगतोय. दहावीत माजे दोन पेपर राहिले, पन किस्से सांगायचा पेपर असता तर बोर्डात आलो असतो!

*

गोट्या माजा चुलतभाऊ. आप्पा म्हंजी माजे वडील. त्यांनी गोट्याला ट्रॅक्टर शिकवायला तेलगावच्या आमच्या रानात नेलतं. ऊस तुटून गेलता, सगळं रान मोकळं, मदी एकच बाभळ. गोट्यानं येवढं रान सोडून नेमकी तिलाच धडक दिली.

"अबे, ध्यान कुठं हुतं तुजं?"

"बाभळीकडंच हुतं आप्पा. लागू नये म्हनून."

माजी थोरली बहीन, अक्का, बांधावर बसली हुती. ती म्हनाली, "येड्या, जिकडं जायचं तिकडं बगावं."

*

आप्पा गोट्याला हसतेत, पन त्यांची बी तीच गत. एकदा घाटनांदूरला लग्नाला निगालो. वाटंत पंक्चर झालं तर? गाडी वढायचा दोर तुटला तर? आप्पांनी जीपमदी स्टेपनी घेतली, पंप घेतला, दोन दोर, पान्याचा क्यान, भर उन्हाळ्यात छत्री बी घेतली. सिरसाळ्यात चहाला थांबलो तवा गोट्यानं हळूच इचारलं, काकू कुठं हायेत?

आई घरीच. आहेराची साडी घेऊन दारात उबी!

*

मग अक्काला बगायला पाव्हने आलते. पोहे झाले, चहा झाला, जाताना त्यांची गाडी आमच्या बोळात अडकली. त्यांचा ड्रायव्हर नालीकडं बगत बगत नालीतच चालला. अक्कानं पदर खोचला, चावी मागून घेतली अन् एका दमात गाडी उलटी भाईर काढली.

दोन-चार दिसांनी निरोप आला, पोरगी जरा जास्तच हुशार हाय.

आप्पांनी कपाळ धरलं. "गेली सोयरीक."

"गाडी तर निगाली ना, आप्पा?" अक्का म्हनाली.

*

अक्काच्या डोक्यात सोयरीक नव्हतीच. तिला जत्रेतल्या रिव्हर्सच्या शर्यतीत उतरायचं हुतं. दोनी अंगाला पत्र्याचे डबे, मदून ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उलटा न्यायचा. डबा पडला की बाद. गावची एक बी पोरगी त्यात कदी उतरली नव्हती.

आप्पांचं सुरू झालं. लोक हसतील, ट्रॉली मोडल, तुजा हात मोडल, मंग करून घेईल कोन? अक्का हटंना. आखरीला म्हनले, "एकच डाव. डबा पडला तर चावी माज्याकडं. पुन्ना ट्रॅक्टरचं नाव काढायचं न्हाई."

*

अक्काचा सराव रानात चालायचा. एक दिस म्या काडी केली. बुजगावन्याला आप्पांचा सदरा चढवला, टोपी घातली, हात पसरून ट्रॉलीच्या वाटंवर उबं केलं. वाटलं, अक्काची तंतरनार. ती मान वळवून त्याच्याकडंच बगत नीट सरळ मागं आली. हातभर अलीकडं ब्रेक दाबला.

"आप्पा, सरका."

झालं! तवापसून रोज बुजगावनं उबं करायची ड्युटी माज्याच गळ्यात.

घरी आप्पा सदरा हुडकत हुते. म्या ठोकून दिलं, शेळीनं खाल्ला. आप्पा लई येळ नुसते शेळीकडं बगत बसले.

*

आता हा किस्सा छाती फुगवून सांगतो.

जत्रेला आप्पा आले न्हाईत. म्हनले, माज्यानं बगवनार न्हाई. अक्काचा नंबर आला तसा माईकवाला म्हनला, ताई उतरल्यात, पब्लिकनं जरा लांब सरकावं. सगळे फिदीफिदी हसले.

अर्धी वाट अक्कानं झकास काढली. मंग पब्लिक वरडायला लागलं, "डबा! डावीकडं डबा!" अक्कानं डब्याकडं बगितलं. झालं, ट्रॉली तिकडंच वळायला लागली. चाक डब्याला टेकतंय का काय, तेवढ्यात तिनं ब्रेक मारला. गोट्यानं डोळे झाकून घेतले. मी कठड्यावर चढलो, पन काय वरडावं तेच सुचंना.

तवाच शेवटच्या चुन्याच्या रेघंपल्याड एक मानूस येऊन उबा राह्यला. डोक्यावर टोपी. दोनी हात पसरलेले. माईकवाला म्हनत हुता, ओ बाबा, बाजूला व्हा. बाबा हालंनात.

अक्कानं मान वळवली. ट्रॅक्टर जरा म्होरं घेतला, ट्रॉली सरळ केली, अन् आली की मागं! डब्याकडं तिनं एकदा बी बगितलं न्हाई. एक बी डबा हालला न्हाई. ट्रॉली त्या मानसाच्या हातभर अलीकडं थांबली.

"आप्पा, सरका."

आप्पा सरकले न्हाईत. पसरलेल्या हातानंच माज्याकडं बोट केलं अन् म्हनले, "शेळीला म्हनावं, माजा सदरा वापस कर."