क्रेनदादाची गाडी वेग धरेना

क्रेनदादाला राग यायला कारण लागत नसे. राग आधी यायचा, कारण मागाहून सापडायचं, आणि सापडलं नाही तर त्याचाही राग यायचा. उभी हयात त्याने बंदरातल्या क्रेनच्या टोकाला, काचेच्या खोपट्यात बसून काढली. खाली माणसं मुंग्यांएवढी, वर वारा भणाणणारा. साधं ‘बाजूला हो’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. निवृत्त होऊन माणूस खाली उतरला, आवाज मात्र वरच राहिला. जेवताना बायको म्हणायची, “अहो, मीठच हवंय ना? मग अख्ख्या गल्लीला कशाला सांगताय?”

त्याची गाडीही त्याच्यासारखीच, जुनी आणि खडखडाट करणारी. पण तिच्या अंगात एक मोठा गुण होता. मोकळ्या रस्त्याला लागून हवा तो वेग गाठायचा, स्टिअरिंगजवळचं बटण दाबायचं, की पाय काढून घ्यायला मोकळे. गाडी त्याच वेगाने आपली आपण धावत राहायची. कंपनीच्या भाषेत ते क्रूझ कंट्रोल. क्रेनदादा त्याला ‘गडी’ म्हणायचा. “आता गडी लावलाय कामाला,” असं म्हणत ऐटीत उजवा पाय पसरून बसायचा.

ही ऐट नव्हती खरं तर, गरज होती. क्रेनची पेडलं दाबून दाबून उजवा गुडघा पार कामातून गेला होता. पाय थोडा वेळ एका जागी दाबून धरला की गुडघा गंजक्या कुलपासारखा बसायचा. आणि त्या लांबलचक सरळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, त्याची थोरली बहीण राहायची. अक्काची नजर गेली होती, पण जिभेची धार तशीच. तिच्या बोलण्याला भिऊन बाकीच्या नातेवाइकांनी एकेक करून तिकडे फिरकणं सोडलं होतं. क्रेनदादा दर रविवारी जायचा. लहानपणी वडिलांचं घड्याळ नक्की कोणी फोडलं, यावर दोघं दुपारभर कचाकचा भांडायची, आणि संध्याकाळी क्रेनदादा न्हाऊन आल्यासारखा हलका होऊन परतायचा. “तिच्याशी भांडायला जगात मी एकटाच उरलोय,” असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

अशाच एका रविवारी त्याने बटण दाबलं आणि काही झालंच नाही. पुन्हा दाबलं. गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग परत दाबलं. गडी ढिम्म. शेवटी एक्सलरेटर पायानेच दाबत तो निघाला आणि अर्ध्या वाटेत गुडघा आखडला. पुढचा ट्रक हळू झाला, पण क्रेनदादाचा पाय ब्रेककडे वेळेत वळेना. दोन्ही हातांनी मांडी उचलून त्याने पाय ब्रेकवर टाकला, तेव्हा गाडी ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. शिव्या घालत, बैलगाडीच्या चालीने तो घरी आला.

बायकोने मुलीला कळवलं. मुलीचा फोन लगेच.

“बाबा, येत्या रविवारपर्यंत ते दुरुस्त झालं तर ठीक. नाही तर गाडी काढून टाकायची. आत्याकडे मी नेईन तुम्हाला, सवड मिळाली की.”

“सवड? तुला सवड मिळेपर्यंत तुझी आत्या भांडायला जिवंत राहील का गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी गॅरेजात. तिथला मिस्त्री क्रेनदादाचा जुना दोस्त आणि तितकाच जुना वैरी. त्याने फ्यूज पाहिला, चांगला होता. एक्सलरेटर ओढून धरणाऱ्या डबीची रबरी नळी चिरली असेल म्हणून ती बदलली. फरक नाही. ब्रेक दाबताच क्रूझ सोडून देणारा पेडलचा स्विच बिघडला असेल म्हणून तोही नवा घातला. फरक नाही.

“दादा, रागावू नका, पण गाडी म्हातारी झाली,” मिस्त्री हात पुसत म्हणाला.

“तू नाही झालास म्हातारा? तुला टाकू का भंगारात?”

“आता क्रूझ चालवणारा आतला खोका बदलून पाहू या.”

“अरे, एकेक पार्ट असाच बदलत गेलास, तर शेवटी या गाडीत जुना असा मी एकटा उरेन!”

शेजारच्या स्कूटरवर वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. क्रेनदादाने त्याच्याकडे असं पाहिलं की हसू त्याच्या घशातच अडकलं.

बंदरात क्रेन अडली की क्रेनदादाची एक रीत होती. पाना हातात घ्यायच्या आधी तो विचारायचा, शेवटचा हात कोणाचा लागला? यंत्र आपल्या मनाने बिघडत नाही, कोणीतरी शहाणपणा केलेला असतो. तोच सवाल त्याने आता मिस्त्रीच्या तोंडावर मारला.

“खरं सांग. मागच्या खेपेला तू काय काय खोललंस?”

“तेल बदललं. दुसऱ्या कशाला बोट लावलं असेल तर हे बोट झडो!”

“मग भुताने लावलं?”

“तुमच्याजवळ भूत तरी टिकेल का?” मिस्त्रीही आता तापला होता. “बसा आत. ब्रेक दाबा. दाबा म्हणतो ना!”

क्रेनदादाने ब्रेक असा दाबला जणू पेडलखाली मिस्त्रीच होता. मिस्त्री मागे गेला आणि तिथूनच ओरडला, “दादा, हे मागचे दिवे कोणी बदलले?”

दिवे लखलखत होते. मिस्त्रीने कव्हर काढून बल्ब बाहेर घेतला. आत तार असलेला जुन्या चालीचा बल्ब नव्हताच, नव्या पद्धतीचा एलईडी होता. मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला.

“सापडला चोर! तुमच्या गाडीचा खोका गडी कामाला लावायच्या आधी ब्रेकच्या दिव्यातून किंचित करंट पाठवून बघतो. बल्बच्या तारेतून तो पलीकडे गेला, तर ब्रेकची वायर शाबूत आहे असं समजतो. या नव्या दिव्यातून तेवढासा करंट जातच नाही. खोक्याला वाटतं, वायर तुटली, ब्रेकचा भरवसा नाही. मग तो काम करायला साफ नकार देतो.”

क्रेनदादाला आपलीच क्रेन आठवली. खाली उभ्या माणसाने हाताने खूण केल्याशिवाय त्याने स्वतः कधी ओझं उचललं नव्हतं. साहेब खालून बोंबलत राहिला तरी हा वर हाताची घडी घालून बसायचा. गाडीने तेच केलं होतं. गाडीवरचा राग जागच्या जागी विरला. पण राग वाया घालवायची त्याला सवय नव्हती. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते आणि घरात माणसं दोन. तो सगळा राग घेऊन घरी आला.

“दिव्यांना हात कोणी लावला?”

बायको शिलाई मशीनवर वाकली होती. चाक न थांबवता म्हणाली, “मी.”

“तू? कधी?”

“तुम्ही दुपारी घोरत होतात तेव्हा. जन्मभर मशीन उघडून जोडतेय, दोन बल्बांचं काय एवढं?”

“तुझ्या दोन बल्बांपायी ट्रकखाली जात होतो मी!”

चाक थांबलं. बायको उठून उभी राहिली, आणि त्या दिवशी गल्लीला कळलं की या घरात आवाज दोघांनाही आहे.

“दर रविवारी फाटकाशी उभी असते मी! तुम्ही कोपऱ्यावर ब्रेक मारता आणि मागून दिवाच दिसत नाही. मागचा येऊन ठोकेल, हा घोर दिवसभर माझ्या जिवाला!”

“मग सांगायचं होतंस!”

“तुम्हाला? उशीची जागा बदलली तरी भिंती हादरतात या घरात! सांगते कोणाला, भिंतीला?”

क्रेनदादाने खिशातली बल्बांची पुडी बाहेर काढली. मग पाय आपटत गाडीपाशी गेला. दुकानातून तारेचे साधे बल्ब आणलेच होते, ते बसवले आणि कव्हर लावताना पहिल्यांदाच नीट पाहिलं. लाल प्लास्टिक उन्हाने पांढुरकं पडलं होतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. तारेच्या साध्या बल्बाचा उजेड त्यातून बाहेर येणं शक्यच नव्हतं. म्हणजे बायकोला जे दिसत होतं ते बरोबरच होतं. याचा तर त्याला सर्वांत जास्त राग आला.

तो टूथपेस्ट आणि फडकं घेऊन कव्हर घासायला लागला. थोड्या वेळाने बायको आली, दुसरं फडकं उचललं आणि दुसऱ्या बाजूचं कव्हर घासायला बसली. दोघांच्याही मनगटात राग मावत नव्हता, त्यामुळे काम झकास झालं.

“आता मागे उभी राहा. दिसतोय का?”

“दिसतोय! ओरडू नका, मी दिवा बघतेय, ऐकत नाहीये!”

रविवारी सरळ रस्ता लागताच क्रेनदादाने श्वास रोखून बटण दाबलं. पायाखालचं पेडल आपोआप खाली ओढलं गेलं. त्याने पाय काढला, पसरला, आणि पुढे रस्ताभर कोणालाही शिवी दिली नाही.

अक्का खोलीत दाराकडे तोंड करून बसली होती. पावलं ओळखून तिने तोफ डागली.

“मागच्या रविवारी कुठे तडमडला होतास?”

“गाडी बिघडली होती.”

“गाडी! डोकं बिघडलं असेल तुझं. तू येशील म्हणून मी चहा दोनदा परत पाठवला, इथल्या चहा देणाऱ्या बाईला वाटलं म्हातारीला खूळ लागलं.”

“अक्का, हळू. दोन आठवड्यांचं एकदम काढू नकोस.”

“का रे? घाई आहे?”

क्रेनदादाने खुर्ची तिच्याजवळ ओढली, दुखरा पाय लांब केला आणि म्हणाला, “नाही गं. घड्याळापासून सुरू कर.”