वितळलेल्या बांगड्या

भोगीच्या भाजीत तीळ पडले की मला जुन्या नाशकातली ती भोगी आठवते, त्र्याण्णवच्या जानेवारीतली. दंगल शमून संचारबंदी नुकतीच उठली होती. त्या दिवशी बाहेर पडलो आम्ही चौघी, गल्लीच्या शांतता समितीतल्या: शिवणक्लासच्या बाई, अंगणवाडीच्या ताई, गिरणीवाल्या वहिनी आणि मी. दरवर्षी भोगीला आम्ही कोपऱ्यावरच्या चाचीकडे बांगड्या भरायचो. त्या वर्षी तिचं दुकान जाळलेलं होतं. ओल्या राखेचा वास येत होता आणि हिरव्या बांगड्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. “तक्रार द्या, आम्ही बरोबर येतो,” मी म्हणाले. चाची राख उकरतच राहिली. “नाव कुणाचं सांगू, बेटा? जाळणाऱ्यांच्या बायकांना मीच तर बांगड्या भरते.” मग गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या, “माझा दीर होता त्यात. खिडकीतून पाहिलंय मी. चला चौकीत, मी सांगते.” चाचीने पहिल्यांदा वर पाहिलं. “पागल आहेस का? घरात ठेवतील तुला?” “नाय ठेवणार,” वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे निघाल्या. चौकीत त्यांनी दिराचं नाव स्वच्छ उच्चारलं. संध्याकाळी त्यांची पेटी दाराबाहेर आली. मीच त्यांना सायखेड्याला माहेरी सोडून आले. चाचीही पुढे लेकीकडे मालेगावला गेली. आता माझेही केस पिकलेत. वहिनींची कोर्टातली साक्ष अजून झालेली नाही. तारीख लागली की सायखेड्याला कळवायचं, हे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.