आप्पांनी खाल्लेला मिथेन

जगदाळे सर गेले. दौंडला त्यांच्या घरी सांत्वनाला गेले, तिथे आमच्या संस्थेचे आप्पा भेटले. म्हणाले, "मॅडम, त्या बोरांचं सरांनी तुमाला कधी सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवत होते, तेही सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासापुरता पगार. कायम जागा एक, उमेदवार दोन. निवड डेमो लेक्चरवर, आणि अध्यक्ष म्हणून निर्णय आप्पांचा.

दुसरे उमेदवार पुण्याचे. त्यांनी सकाळी खिडक्या बंद करून प्रोजेक्टर लावला. अंधार झाल्यावर आप्पा झोपले. घोरले नाहीत, एवढंच.

दुपारी माझा तास होता. विषय बाँडिंग आणि स्ट्रक्चर, सरावाचे प्रश्न. रेणूचं नाव घ्यायचं, मुलांनी त्याचा आकार सांगायचा. मुलं 'टेट्राहेड्रल' पाठ म्हणत, पण तो आकार कुणाच्या डोळ्यांसमोर येत नसे. दाखवायला मॉडेल नव्हती. आमचे विभागप्रमुख जगदाळे सर रोज दौंडहून एसटीने येत. त्या दिवशी त्यांनी वाटेतल्या न्हावऱ्याहून रुमालभर बोरं आणि बाभळीचे काटे आणले.

"मातीचा गोळा म्हणजे मधला अणू. काटा म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी. बोर म्हणजे हायड्रोजन. बाकी तुम्ही बघा," म्हणाले आणि आप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

मी ओल्या गोळ्यात चार काटे खोचले, टोकांना चार बोरं. जोड्या एकमेकींना ढकलतात, म्हणून प्रत्येक काटा दुसऱ्यापासून होईल तितका लांब. तोच टेट्राहेड्रल. "हा मिथेन," म्हणत मी तो आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी एक बोर काढलं आणि खाल्लं.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"गोड हाय," आप्पा म्हणाले.

माझी नोकरी त्या बोरासोबत गेली असं वाटलं. पण काटा जागेवर होता. मी तोच धरला.

"आप्पांनी हायड्रोजन खाल्ला, जोडी ठेवली. आता मधला अणू नायट्रोजन समजा. रेणू कोणता?"

"अमोनिया," मागच्या बाकावरून भाऊसाहेब म्हणाला.

"आकार?"

"तीनच बोरं राहिली. सपाट त्रिकोण."

"आप्पा, मोकळ्या काट्यावर बोट ठेवा."

"टोचतंय की."

"म्हणजे जागा रिकामी नाही. ही लोन पेअर, एकटी जोडी. हिच्यावर बोर नाही, म्हणून ही जास्तच पसरते." मी बाकीचे तीन काटे मातीतच जरा जवळ दाबले. "सपाट नाही. पिरॅमिड."

"एसटीत एकटा माणूस शेजारच्या सीटवर पिशवी मांडून बसतो, तसं," भाऊसाहेब म्हणाला.

"तसंच."

आप्पांनी दुसरं बोर खाल्लं. मी मधला अणू ऑक्सिजन केला. पाणी, मुलं म्हणाली, आकार वाकडा. तिसरं बोर गेलं तेव्हा फ्लोरिन. अणूच दोन उरले, मग सरळ रेषेशिवाय काय होणार. चौथ्याची सगळा वर्ग वाट बघत होता. आप्पांनी सावकाश चावून ते संपवलं.

"निऑन," मुलं म्हणाली.

"ह्याला कोण चिकटतं?" आप्पांनी विचारलं.

"कुणी नाही. ह्याचं कुणावाचून अडत नाही."

"म्हंजी आमच्या चुलत्यासारखं."

जागा मला मिळाली. आप्पांनी कारण एकच दिलं: "बाईंच्या तासाला डोळा लागला न्हाई."

पुढे मी नव्या शिक्षकांना हा तास प्रसंगावधानाचा नमुना म्हणून सांगत आले. जगदाळे सर शेजारी बसून मान डोलवत ऐकायचे.

दौंडला आप्पा म्हणाले, "सर कानात बोलले व्हते. मॅडमनी बोरं तुमच्यासाठी आणल्यात, एकेक करून खा, काटे तेवढे ऱ्हाऊ द्या. मी म्हणलं, ह्ये शिकवायचं हाय का खायाचं? तर म्हणले, आप्पा, तुमचं तोंड चालू असलं की डोळे उघडे राहतात."

मला हसू आलं. दारातली माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मी पदर तोंडाला लावला.

डेमो लेक्चर द्यायला येणाऱ्यांना मी आता एकच सांगते. परीक्षकाशेजारी कोण बसलंय ते आधी बघून घ्या.

तो गोळा विभागाच्या कपाटात आहे. माती वाळली आहे. चारही काटे आहेत. बोरं नाहीत.