गोचडांचा डबा

आत्ती म्हणजे आमच्या सासूबाई. नाव चंदनबाला, आणि हट्टाला पक्की. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही, कांदा-बटाटा तर उंबऱ्याच्या आत नाही. ते सगळं मी हसत सोसलं. पण तिचा तो गोचडांचा डबा! अगं बाई, तो बघितला की माझं डोकंच फिरायचं.

रोज सकाळी ती गोठ्यात बसायची. गाईच्या कानामागचं, कासेजवळचं एकेक गोचीड खोबरेल लावलेल्या बोटांनी अलगद सोडवायची आणि डब्यात टाकायची. चिरडायचं नाव नाही. मग अनवाणी बांधापर्यंत जाऊन सगळी गवतात जिवंत सोडायची. "आवं आत्ती, फवारणी तरी करू या," म्हटलं की डोळे वटारायची. "माज्या हातनं जीव जायाचा न्हाई."

बांधापलीकडं नाथाजीकाकांचं रान. मिलिटरीतनं पेन्शनीत आलेला माणूस, जीभ लय तिखट. आत्ती दिसली की हाक यायचीच, "वैनी, गोचडांना माहेरी पोचवलं काय?"

आत्ती कसली ऐकतेय! "व्हय, शिदोरी बांधून दिली!"

काकांची राणी, संकरित गाय, त्याच बांधावर चरायची. यंदा उन्हाळ्यात ती गाभण असताना तिला ताप भरला, मानेजवळच्या गाठी सुजल्या, वैरण सुटली. पलूसहून डॉक्टर अपेक्षा आल्या. इंजेक्शनं झाली, राणी कशीबशी तगली, पण पोटातलं वासरू गेलं.

गोचडांमुळं होणारा थायलेरिया, असं सांगून डॉक्टरांनी शेजारी म्हणून आमच्या दोन्ही गाईंचंही रक्त नेलं. रिपोर्ट आला, दोघी पॉझिटिव्ह. मी म्हणाले, "आवं मॅडम, ह्या तर ठणठणीत हायत की!"

"ही अँटिबॉडीची तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "रोग कधीतरी येऊन गेला, गाईंनी झुंज दिली, त्याची ही खूण. गावठी म्हणून त्यांनी सोसलं. पण जंतू अजून रक्तात असू शकतात. लहान गोचीड ते रक्त पितं, गळून पडतं, मोठं होतं आणि दुसऱ्या जनावराला चिकटतं."

आत्ती खांबाला टेकून ऐकत होती. "आन् बांधावर सोडल्यालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत डब्याचं सांगितलं.

"राणीला तिथूनच लागलं असं शपथेवर नाही सांगता येणार, आजी. पण लागू शकतं."

आत्ती उठली ती थेट काकांच्या गोठ्यात गेली, मागनं मी. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "उत्तम क्षमा." पर्युषण संपल्यावर आम्ही एकमेकांना म्हणतो तो शब्द, तिनं भर उन्हाळ्यात म्हटला. मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काका पेटणार. पण ते राणीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

"जाऊ द्या वैनी. तुमच्या हातनं मुंगी मरत न्हाई, गावाला ठावं हाय."

"मुंगी न्हाईच मेली, भावजी. वासरू मेलं."

मला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं त्या डब्यावरनं मी तिच्याशी भांडले, पण माझं असं खरं ठरावं असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती गोठ्यात बसली होती. डबा पुढ्यात, आणि डब्यात ट्रॅक्टरचं डिझेल. बोटांच्या चिमटीत पहिलं गोचीड धरलेलं, पण हात काही खाली जाईना. ओठ तेवढे हलत होते. मला बघवेना.

"आत्ती, द्या हिकडं. मी टाकते. तुमी देवळात जावा."

तिनं डबा स्वतःकडं ओढून घेतला.

"माजं पाप तुज्या अंगावर ढकलू व्हय गं? बांधापल्याड ढकललं, तेवढं बास झालं."