दिंडोरीतली पायऱ्यांची पेटी

अंगठा मोडला, जुळला, पण ताठच राहिला. सप्तकाच्या दोन टोकांना हात पोचेना. बावीस वर्षं पेटीची साथ करून पोट भरणाऱ्या बाईला याहून वाईट काय व्हायचं! दिंडोरीजवळ यशवंतकाका म्हणून एक द्राक्षवाले पेटीच्या पट्ट्या नव्याने मांडून देतात असं कळलं, आणि शनिवारी सकाळी मी पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले.

तिकीट पन्नासच्या आसपास, रस्ता तासाभराचा. खिडकी मिळाली तर द्राक्षबागा छान दिसतात म्हणे. मला काही दिसलं नाही, मी सारखी पेटीच सावरत होते. उतरल्यावर स्टँडसमोर मिसळ घेतली आणि अर्धी टाकली. नाशिककर बाई मिसळ टाकते म्हणजे काय ते समजून घ्या.

काकांची शेड रिक्षाने दहा मिनिटांवर. छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि शेजारी त्यांची पेटी. पट्ट्या तीन पायऱ्यांत मांडलेल्या, अरुंद, सगळ्या एकाच लाकडी रंगाच्या. पियानोसाठी अशी मांडणी परदेशात फार पूर्वीच निघाली होती, काकांनी ती पेटीला बसवली. कुठल्याही सुरापासून सुरुवात करा, बोटं तशीच पडतात.

"भिऊ नका ताई, पट्टी चावत नाय," काका म्हणाले.

त्यांच्या घरच्या शांताकाकू भजनं गातात. समोर बसून म्हणाल्या, "काळी चार धरा."

मी पट्ट्यांवरून नजर फिरवली. आम्ही गाणाऱ्याचा सूर पट्टीच्या रंगावरून आणि आकड्यावरूनच ओळखतो. इथे काळी कुठली आणि चौथी कुठली? अंदाजाने एक पट्टी दाबली. काकू विश्वासाने त्याच सुरात गायला लागल्या आणि वर जाताना त्यांचा आवाज चिरकला.

"आवो, जीव घेता का माझा!"

मला रडूच आलं. इतक्या वर्षांत कुणाचा गळा मी असा अडचणीत आणला नव्हता. काकूंनी पाणी दिलं, मग स्वतःच हळू 'सा' लावला. मी डोळे मिटून शोधला. सापडला! आणि वरच्या 'सा'पर्यंत ताठ अंगठ्यासकट हातही पोचला.

"तुमच्या पेटीला बसवून देतो," काका म्हणाले, "पण जुन्या पट्ट्या कापाव्या लागतील. परत जोडता येत नाय. आन् बोटांना जुनं विसराय लागंल. लय लोकं इथूनच माघारी जातात."

मीही गेले. बसमध्ये पेटी पोटाशी धरून बसले होते.

घरी येऊन ती उघडली. हात ताणला तशी कळ कोपरापर्यंत गेली, आणि वरचा 'सा' दोन पट्ट्या लांबच राहिला. मी फोन लावला.

"काका, उद्या पेटी घेऊन येते."

"पक्कं ना, ताई?"

"विचारू नका. पुन्हा विचारलंत तर मी नाही म्हणेन."